काही विशेष नाही

राजाजीनगरातल्या घरी बसून कृष्णाजी डच लोकांची हृदयं इंग्रजीत आणून देत. कंपनीने नऊ वर्षं रॉटरडॅमला ठेवलं होतं, त्याचा निवृत्तीतला हा उपयोग. डॉक्टर जगभर घाईत असतात. डच डॉक्टर तर दोन-तीन अक्षरांत माणूस आटोपतो. पीओबी म्हणजे छातीत दुखणं. जीबी म्हणजे काही विशेष नाही. रुग्णाचं नाव, वय, बाई की पुरुष, सगळ्यावर काळी पट्टी.

सकाळी दहाला भाषांतराला आलेली नवी फाइल उघडली. पीओबी, तीन दिवस, जिना चढताना. कृष्णाजींनी सवयीने पुरुष धरला आणि लिहू लागले.

"अहो, जळजळ थांबली का?" भार्गवीबाई पेला घेऊन आल्या. "जिऱ्याचं पाणी घ्या स्वल्प. माझ्यासाठी केलंच होतं."

"सरी, दे." पेला घेत त्यांनी फाइलीतली पुढची ओळ वाचली: घरात ॲसिडिटी म्हणून सांगितलं, जोडीदारापासून दुखणं लपवलं.

कृष्णाजींना हसू आलं. तीन दिवस तेही जिन्यात छाती धरून थांबत होते आणि घरात ॲसिडिटी सांगत होते.

पुढे होतं: कोमट जिऱ्याचं पाणी, दिवसातून दोनदा.

डच माणूस आणि जिरं? पेला ओठांपाशीच थांबला.

पुढची ओळ: घर पहिल्या मजल्यावर, एकवीस पायऱ्या.

त्यांनी बाहेर जाऊन पायऱ्या मोजल्या. एकवीस.

मग व्हीएफ. हृदय नुसतं थरथरतं, रक्त पुढे जात नाही. त्याखाली दोनच ओळी उरल्या होत्या. त्या न वाचता त्यांनी चपला घातल्या.

"कुठे निघालात?"

"कोथिंबीर आणतो."

"आहे की घरात!" दाराच्या चौकटीला टेकून भार्गवीबाई म्हणाल्या. "बाराला कुकर लावीन. तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद करून पान वाढते, उशीर झाला तर मग बोलायचं नाही."

छत्तीस वर्षांच्या संसारात भार्गवीबाईंनी चौथी शिट्टी कधी होऊ दिली नव्हती.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात ईसीजी निघाला. डॉक्टरीणबाई कागद पाहून म्हणाल्या, "अण्णा, एकदम नॉर्मल. तुमची ॲसिडिटीच ती."

एकवीस पायऱ्या ते गुणगुणत चढले. दारातच कुकरची पहिली शिट्टी ऐकू आली.

"अगं, तुला सांगितलं नव्हतं, पण काही विशेष नाही!" असं स्वयंपाकघराकडे ओरडून ते संगणकापुढे बसले. आता फाइलीतल्या शेवटच्या दोन ओळी वाचायला हरकत नव्हती.

दुसरी शिट्टी.

"घटनेच्या वेळी जोडीदार घरात नव्हता."

तिसरी.

"स्वतःचा ईसीजी काढायला गेला होता. जोडीदार: जीबी."

कृष्णाजी कान देऊन बसले.

चौथी शिट्टी झाली.