अद्याप नाही

नांदगाव खंडेश्वरच्या स्टँडवर मंजुषा उतरली, तेव्हा तिच्या काखेत फाइल होती आणि डोक्यावर फेब्रुवारीचं ऊन. या उन्हाला वऱ्हाडात कोणी ऊन म्हणत नाही, पण घाम यायचा तो येतोच. तिला गाठायचा होता त्या मळ्याकडे जायला काही मिळेना. तेवढ्यात फुलकोबीनं भरलेला एक तीनचाकी ऑटो तिच्यापुढे थांबला.

"बसा जी. हा आटो शेणावर चालते."

"शेणावर?"

"शेणाच्या गॅसवर. अन् सडक्या भाजीपाल्याच्या. वास आला तर आमची मेहनत समजा."

ती हसू दाबत बसली. दुसऱ्याच वळणावर ऑटोनं दोन आचके दिले आणि मान टाकली.

"सकाळी प्रेशर कमी रायते," ऑटोवाला खाली उतरत म्हणाला. "कुठून तरी गॅस निघून राहिला. पण हे कोणाले सांगू नका. आज अनुदानवाला साहेब येऊन राहिला पाहणीले. म्हातारा असन, चिडका असन. त्याले आई गरम भजे चारते, अन् मी गप बसतो."

"साहेब भज्यांनी मानेल?"

"नाही मानला तर पंप गेला." आणि मग त्यानं सगळंच सांगितलं. आठ गावचे भाजीवाले या गॅसवर गाड्या चालवतील, असा पंप त्याला मळ्यातच उभारायचा होता. निम्मा खर्च सरकार देणार होतं... पण पाहणीचा अहवाल मार्चअखेर वर गेला तरच.

मंजुषानं फाइल उघडली. "शेखर शालिकराम, अर्ज क्रमांक चौतीस. तो म्हातारा साहेब मीच. चिडकी आहे की नाही, ते ठरायचं आहे."

शेखरनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग कोबीकडे. "भजे... खाता ना तुमी?"

मळ्यात पोचल्यावर तिनं साबणाचं पाणी मागितलं. शेखरची आई माणिकबाई पाण्यासोबत टॉवेलही घेऊन आली. बाईला तोंड धुवायचं असेल, असा तिचा समज. मंजुषानं ब्रश फेसात बुडवला आणि गॅसच्या पाइपाच्या एकेका जोडावर फिरवू लागली. जिथून गॅस निघतो, तिथं फुगा येतो. सातव्या जोडावर आला. ती आणि शेखर वाकून बघत होते. फुगा मोठा होत गेला. त्यात मळा उलटा दिसला, शेखर उलटा दिसला... आणि तो तिच्या नाकाशीच फुटला.

"नापास," ती नाक पुसत म्हणाली.

"मी का फुगा?"

"तूर्तास फुगा."

पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली. सातवा जोड पक्का झाला होता, पण अकराव्यावर फुगा आला. भजी मात्र पास झाली. तिसऱ्या खेपेला मार्चचा तिसरा आठवडा लागला होता. तिनं सगळे जोड तपासले. एकही फुगा नाही.

शेखरचा चेहरा पडला. "अजून एकडाव पाहा ना जी. कुठं तरी असन."

"लोक फुगा येऊ नये म्हणून नवस बोलतात."

"ते खरं आहे. पण मंग तुमी परत काहून येसान?"

मंजुषाचे कान तापले, ते उन्हानं, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि ती बाजेवर बसून अहवाल लिहू लागली. शेवटच्या रकान्याशी पेन थांबलं. 'तपासणी अधिकाऱ्याचे अर्जदाराशी नाते.' गेली दोन वर्षं ती या रकान्यात डोळे मिटून 'नाही' लिहीत आली होती. खाली छापलेलं होतं, खाडाखोड केल्यास अहवाल रद्द.

तिनं लिहिलं. शेखरनं तिच्या खांद्यावरून वाचलं : 'अद्याप नाही.'

त्यानं पहिल्या शब्दावर बोट ठेवलं.

"हे 'अद्याप' काहून घातलं?"

"खाली सही माझी आहे. खोटं कसं लिहू?"

"अन् याच्यानं पंप अटकला तर?"

"अटकेल बहुतेक. सांगा, नवा फॉर्म काढते आणि नुसतं 'नाही' लिहिते. पण मग... नाही म्हणजे नाही."

शेखरनं पाइपांकडे पाहिलं. तीन वर्षं राबला होता तो त्यांच्यामागे. मग त्यानं भज्यांची ताटली हळूच तिच्याकडे सरकवली.

"पंपाचा अर्ज पुढच्या सालीबी भरता येते. राहू द्या ते 'अद्याप'."

"अर्थ कळला ना?"

"मराठी माहं चौथीपासून कच्चं आहे जी. पण येवढं समजते."

अमरावतीच्या ऑफिसात फाइल चार दिवसांत साहेबांकडून तिच्या टेबलावर परत आली. वर लाल शाईत शेरा : 'अद्याप' या शब्दाचा लेखी खुलासा करावा. ऑफिस दोन दिवस हसत होतं. साहेबांनी मात्र हसता हसता फेरपाहणी ऑफिसातल्याच नत्थुजींकडे दिली. नत्थुजी खरोखरच म्हातारे होते आणि खरोखरच चिडके.

एकतीस मार्चला सकाळीच ते मळ्यात गेले. दुपारी परतले तेव्हा त्यांच्या मिशीला बेसन लागलेलं होतं. त्यांनी अहवाल तिच्यापुढे आदळला.

"सारे जोड दोन-दोनदा पाहिले. कुठूनच काही निघत नाही. तुमचीच बातमी तेवढी फुटली." शेवटच्या रकान्यात त्यांनी ठळक 'नाही' लिहिलं होतं. "हे माहं नातं आहे. तुहा खुलासा कुठं आहे, पोरी? आज शेवटची तारीख आहे."

तेवढ्यात फोन वाजला.

"पंप पास झाला," शेखर म्हणाला. मग घुटमळला. "खुलाशात काय... काय लिवून राहिल्या तुमी?"

"तूच सांग ना," मंजुषा म्हणाली, "काय लिवू मी?" महिनाभर जपलेलं सरकारी मराठी गळून पडलं होतं आणि घरचं अकोल्याचं तोंडात आलं होतं.

पलीकडे कढई चरचरली. मग माणिकबाईचा आवाज आला, "अरे बोल ना लवकर, भजे करपून राहिले."

शेखर बोलला. काय बोलला, ते तिनं कोणाला सांगितलं नाही. पण संध्याकाळी अर्ज क्रमांक चौतीसच्या फाइलला एक कागद जोडला गेला. त्यावर तिच्या अक्षरात एकच ओळ होती :

शुद्धिपत्रक : 'अद्याप नाही' याऐवजी 'आहे' असे वाचावे.