डेसचा कर्सर

यात माझ्या पदरचं काही नाही. ब्रॉनविन माझी शेजारीण. ती आणि तिची आई लॉर्ना शेजारच्या घरात राहतात. खोटं वाटलं तर इथे ऑस्ट्रेलियात, होबार्टला या आणि तिलाच विचारा.

जुलैतला रविवार, म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा. बाहेर बोचरा वारा. दुपार कलत आलेली.

ब्रॉनविनचे वडील डेस उन्हाळ्यात गेले. नजर कधीच अधू झाली होती. शेवटी शेवटी तर घरात भिंत चाचपत चालायचे. पण संगणकापुढे बसले की राजा. पडदा हवा तेवढा मोठा करून वाचायचे. माऊसनं ओढली की त्यांची विंडो जेलीसारखी डुलायची. ते दाखवायला बायकोला हातातल्या कामावरून उठवायचे.

आता तो संगणक मरायला टेकला होता. लॉर्नाचा एकच हट्ट... डेसनं सोडला तस्सा त्याचा पडदा एकदा बघायचा.

ब्रॉनविननं जुनी डिस्क उतरवून घेतली आणि आपल्या लॅपटॉपच्या पोटात, एका चौकटीत, दुसरा संगणक उभा केला. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला.

सुरू झालं. पण सगळं मुकाट. विंडो डुलेना, पडदा मोठा होईना.

"हा त्याचा नाही गं, ब्रॉनी," लॉर्ना म्हणाली. "यात जीव नाही."

आतल्या मशीनला ग्राफिक्सचं बळ मिळत नव्हतं, एवढंच. ब्रॉनविननं ते बंद केलं, ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशनवर टिक केली, परत चालू केलं.

विंडो डुलली.

लॉर्ना हसली. डेस गेल्यापासून पहिल्यांदाच.

दोघी चहा करायला आत गेल्या. किटली बंद झाली, तरी घुरघुर थांबेना...

लॅपटॉपचा पंखा.

बाहेर येऊन बघतात तर विंडो डुलत होती.

आपोआप.

कर्सर सैरावैरा फिरत होता. पडदा मोठा व्हायचा, एखाद्या फोटोवर थांबायचा, परत लहान व्हायचा. पुन्हा दुसरीकडे... कुणी काही शोधत असल्यासारखं.

ब्रॉनविननं माऊसची वायर उपटली.

कर्सर थांबला नाही.

लॉर्ना शांतपणे उजवीकडच्या खुर्चीत बसली. "डेस, मी इकडे आहे रे."

कर्सर थबकला...

मग सरळ उजव्या काठाशी आला. आतल्या मशीनची हद्द तिथेच संपते. तिथे तो धडका देऊ लागला. आणि त्या बाजूची चौकट हळूहळू बाहेर फुगायला लागली.

ती चौकट आतल्या मशीनची नव्हती, ब्रॉनविनच्या लॅपटॉपची होती. तिथे असलं डुलणंबिलणं तिनं कधी चालूच केलं नव्हतं.

ब्रॉनविनची पाचावर धारण बसली. तिनं मशीन बंद केलं, टिक काढली. पुन्हा उघडलं तेव्हा सगळं मुकाट.

लॉर्ना चिडली नाही. पण लेकीकडे बघितलंही नाही.

"तो मला शोधत आला होता," ती म्हणाली. "आणि तू त्याचे डोळे काढून घेतलेस."

अजून ते मशीन तसंच आहे. पुसून टाकायला ब्रॉनविनचा हात धजत नाही आणि टिक लावायची छाती होत नाही. लॉर्ना रोज त्याच्यापुढे बसते.

परवा ब्रॉनविननं मला बोलावून दाखवलं. पडदा अगदी निश्चल. माऊस काढून ठेवलेला.

फक्त कर्सर हलत होता... सावकाश, काठाकाठानं, चाचपत.

लॉर्ना बसते त्याच बाजूला.