पूजेची बॅरल

शिवऱ्याजवळच्या आमच्या कारखान्यात परवान्याची पिस्तुलं बनतात, असं सांगितलं की पाहुणे जरा सरकून बसतात. प्रत्यक्षात तिथे तेलाचा वास, कॅन्टीनचं पिठलं आणि जेवणानंतरचं रखमाजी मेस्त्रींचं घोरणं, यापेक्षा भयंकर काही नाही. मी तपासणीला आहे. चाचणीसाठी नेहमीपेक्षा जास्त दारूची गोळी झाडून झाली की बॅरल माझ्या टेबलावर येते. आधी मापाचा गेज नळीत घालून बघायचा, मग दुधी काचेच्या दिव्यासमोर धरून आत डोकावायचं. खाचांचा पीळ शेवटपर्यंत नितळ दिसला की पास. मला हे काम मनापासून आवडतं. कामथडीला घर आहे, नवरा नागसेन टेम्पो चालवतो, आमचं बरं चाललंय. तक्रार करायची तर शोधावी लागते.

नवरात्रात एक बॅरल आली. गेज सहज गेला. दिव्यासमोर धरली, तर पिळाच्या टोकाला दिवा दिसेना. आमचं अंगण दिसलं. सीताफळाचं झाड, धुण्याचा दगड, आणि अलीकडे दाराच्या पायरीवर पाठमोरा बसलेला पांढऱ्या शर्टातला माणूस.

कसलं तरी प्रतिबिंब असणार म्हणून मी बॅरल पुसली, चष्मा पुसला, दिवा सरकवला. परत बघितलं. माणूस जवळ आला होता, किंवा बघणारा त्याच्याजवळ गेला होता. मानेवरचा केसांचा भोवरा मी कुठेही ओळखला असता. तो नागसेन होता.

मी घाबरले. मग डोकं चालवलं. नुसत्या नळीला ना घोडा, ना गोळी. शिवाय नागसेनकडे पांढरा शर्टच नाही. विहारातसुद्धा तो आकाशी घालून येतो, ग्रीसच्या हातांना पांढरं परवडत नाही म्हणतो. तरी मी बॅरलला लाल रंग फासला आणि बाद केली. बाद बॅरल करवतीवर कापून भंगारात जाते. सुटले म्हटलं.

खंडेनवमीला पूजेच्या पाटावर तीच बॅरल होती. तयार पिस्तुलं स्ट्राँगरूमबाहेर काढत नाहीत, म्हणून पूजेला दरवर्षी बाद मालातलं काहीतरी ठेवतात. रखमाजींनी तिच्या तोंडाला बोटाने गोल कुंकू फिरवलं.

"मेस्त्री, ही अजून कापली न्हाई?"

"लई देखणी हाय गं. आत एक डाग न्हाई. म्हून ठेवली."

"आत्ता कापा की."

त्यांनी करवतीकडे बोट केलं. तिच्यावर झेंडूचा हार होता. "आज हत्यार चालवत्यात व्हय? उद्या दसऱ्याची सुटी. परवा कापू. तुमच्यात तर पूजाबी न्हाई, मंग तुला कसली घाई?"

मी हसले आणि पेढा खाल्ला. बॅरल माझ्यादेखत स्ट्राँगरूममध्ये गेली, कुलूप लागलं. रखमाजींचं खरंच होतं. आमच्या घरात कुंकू नाही. आमचा दसरा म्हणजे पांढरे कपडे घालून भोरच्या विहारात वंदनेला जायचं, आणि घरी येऊन खीर खायची.

दसऱ्याच्या सकाळी मी पांढरी साडी नेसून खीर ढवळत होते. नागसेन आतल्या खोलीतून आला. अंगात कोरा पांढरा शर्ट, घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या.

"कसा दिसतोय? काल नसरापुरात घेतला. तू दरसाल बोलतीस न्हवं?"

"लई शोभतोय," मी म्हणाले. खरंच शोभत होता. हातातला डाव मात्र पातेल्यातच सुटला.

तो चपला घालायला पायरीवर बसला.

पलीकडे सीताफळाचं झाड होतं, धुण्याचा दगड होता. मी दिव्यासमोर जिथून बघितलं होतं, तिथेच उभी होते.

मी जवळ गेले.

शर्टाच्या पाठीवर, मधोमध, लाल वर्तुळ होतं. करंगळीच्या टोकाएवढं. आतून कोरं.

"हे काय लागलंय?"

"कुठं?"

पदर ओला करून पुसलं. निघेना.

"हलू नगा," म्हणाले, आणि शर्ट वर केला.

वर्तुळ कातडीवरही होतं.

"बोट काढ की," नागसेन हसत म्हणाला. "लई गार हाय."

माझ्या दोन्ही हातांत शर्ट होता.