समुद्राकडची बाजू

"माझ्या नवऱ्यानं हे केलेलं नाही," बाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या. "आणि केलं असेल, तर कसं केलं ते मला कळायलाच हवं."

भावजी गडबडले. पाहुणीला आधी बसा म्हणावं की पाणी आणावं, हे त्यांना सुचेना. वहिनींनी मात्र चष्मा नाकावर चढवला आणि समोरच्या खुर्चीकडे बोट केलं.

वहिनींनी उभं आयुष्य कस्टममध्ये काढलं होतं. लोकांच्या ट्रंका आणि लोकांचे चेहरे, दोन्ही उघडायची त्यांना सवय. जुने सहकारी त्यांना 'टिपकागद' म्हणायचे. समोर सांडेल ते सगळं शोषून घ्यायच्या आणि थेंबही परत द्यायच्या नाहीत. निवृत्त झाल्यावर त्यांनी दारावर खासगी तपासाची पाटी लावली. भावजी म्हणजे त्यांच्या दिवंगत यजमानांचे धाकटे बंधू, शाळेतले ड्रॉइंग मास्तर. तेही निवृत्त झाले आणि सोबतीला आले. "वहिनींची बुद्धी घोड्यावर, माझी बैलगाडीत," असं ते स्वतःच सांगत, "पण मुक्काम एकच."

बाईंचा नवरा मालवाहू जहाजावर रेडिओ अधिकारी होता. जहाज गेलं होतं त्या देशात, ज्यानं वर्षानुवर्षं जगाच्या तोंडावर दार लावून घेतलं होतं. आता तर त्याच्या समुद्राभोवती परक्या युद्धनौका जमत होत्या. कधी ठिणगी पडेल याचा नेम नव्हता.

"जहाज धक्क्याला लागताच सैनिक चढले," बाई सांगू लागल्या. "दुर्बिणी, निशाणं, इशाऱ्याचे दिवे, सगळं उचलून नेलं. रेडिओच्या खोलीला कुलूप ठोकून वर लाखेचं सील. खलाशांना जमिनीवर पाय ठेवायची बंदी. मग त्या सरकारनं ठरवलं, बंदरात येईल ते परकं जहाज अडकवायचं आणि आपल्या तोफखान्यासमोर ढाल म्हणून बांधायचं. बाहेर कुणाला पत्ता नव्हता. पण तीन जहाजं बंदराच्या तोंडापर्यंत आली आणि आल्या पावली माघारी वळली."

"कुणीतरी सावध केलं," वहिनी म्हणाल्या.

"ते लोकही तेच म्हणतात. आतून चोरट्या रेडिओवरून बातमी गेली, म्हणतात. पुढे तणाव निवळला, जहाज सोडलं, पण यांना ठेवून घेतलं. हेर म्हणून! लवकरच खटला उभा राहील. मध्यस्थी करणारे एक राजदूत आहेत, पुरावा दिला तर ते पोचवतील. पण पुरावा देणार कोण? यांचे सोबती तोंडातून चकार शब्द काढत नाहीत. एका ताटात जेवलेली माणसं हो!" बाईंचा आवाज चिरकला.

वहिनींनी त्यांना सावरायला वेळ दिला. मग विचारलं, "तीनच जहाजं आली होती?"

"चौथंही आलं. ते सापडलं. पहाटेच्या दाट धुक्यात आत शिरलं. त्यावरचा रेडिओवाला यांचा मित्र. सुटून आल्यावर मला भेटला. म्हणाला, ताई, मी कानाला यंत्र लावूनच बसलो होतो, पण सावध राहा म्हणून कुणी हूं की चूं केलं नाही."

"आणि परतलेली तीन? ती केव्हा आली होती?"

"वेगवेगळ्या दिवशी. पण लख्ख उन्हात. सगळ्या धक्क्यानं पाहिली म्हणे वळताना."

वहिनी फक्त "बरं" म्हणाल्या. पण भावजींनी ओळखलं, टिपकागदानं शाई ओढली.

*

जहाज आता मायदेशी, बंदरात नांगर टाकून उभं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं लाँचनं निघाले. समोर आलेल्या बाजूवर गंजाचे तांबडे ओघळ उतरले होते. "म्हातारपण लपत नाही," भावजी पुटपुटले आणि शिडी चढताना स्वतःच धापा टाकू लागले.

कप्तान उंच, कमी बोलणारा माणूस होता. त्याच्या केबिनच्या भिंतीवर रंगीत निशाणांचा मोठा तक्ता होता. प्रत्येक निशाणाखाली त्याचा अर्थ. भावजींचा जीव रंगांत रमणारा. ते वाचत सुटले. "पिवळं, जहाजावर रोगराई नाही. लाल-पांढऱ्या चार चौकटी, तुम्ही संकटाच्या दिशेनं चालला आहात. निळं-पांढरं..."

"भावजी," वहिनी हळूच म्हणाल्या. भावजी बसले.

"रेडिओच्या खोलीचं सील कुणी तोडलं?" वहिनींनी विचारलं.

"त्यांच्याच अधिकाऱ्यानं. आम्ही निघायच्या दिवशी. भिंग लावून तपासलं, मग तोडलं. साधा चरासुद्धा नव्हता."

"तुमची माणसं कशी वागली?"

कप्तानाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा ऊब आली. "बाई, सैनिक रात्री-अपरात्री सगळ्यांना डेकवर उभं करून मोजायचे. डोक्यावरून विमानं जायची. पाणीही मोजून मिळायचं. पण एकानंही दुसऱ्यावर आवाज चढवला नाही. अशी माणसं मिळायला भाग्य लागतं."

"त्या देशातलं कोण भेटलं तुम्हाला?"

"सैनिक."

"आणखी?"

"सैनिकच."

मग आला सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम. रुंद खांद्यांचा, हसऱ्या डोळ्यांचा. तिथं दिवस कसे काढले, असं वहिनींनी विचारलं.

"रंगकाम केलं. माणूस रिकामा बसला की मनात नाही नाही ते येतं. सैनिकांचीही हरकत नव्हती. ते धक्क्यावर आणि शिडीपाशी असायचे, आम्ही पलीकडे समुद्राच्या अंगाला दोरीच्या फळ्यांवर."

"तिकडून तुम्हाला कुणीच बघत नव्हतं?"

"आम्ही अगदी टोकाच्या धक्क्याला. पुढे थेट बंदराचं तोंड. तिकडून फक्त त्या म्हाताऱ्या वाटाड्याची बोट रोज..."

कप्तान खोकला. सारंग थबकला.

"वाटाड्या म्हणजे?" भावजींनी निरागसपणे विचारलं.

"परक्या जहाजांना बंदरात आत-बाहेर नेणारा तिथला जाणकार," कप्तान तुटकपणे म्हणाला. "प्रत्येक बंदरात असतो. त्यात विशेष काही नाही."

शेवटी दोघं भंडाऱ्याकडे, म्हणजे स्वयंपाक्याकडे गेले. त्याच्या भटारखान्याच्या भिंतींचे पोपडे सुटले होते.

"लाज वाटते बघा," तो म्हणाला. "दर फेरीला पांढरा हात मारतात. यंदा रंगच उरला नाही म्हणे."

"गेला कुठे?"

"मला काय ठाऊक? आपण पळी हलवणारे." मग त्याला गप्प राहवेना. "पण तुम्हाला सांगतो, रेडिओवाल्या साहेबांसारखा माणूस नाही. खोली बंद झाली, हातपाय गाळून बसले असते तर कोण काय बोलणार होतं? पण त्यांनी सारंगाकडे ब्रश मागितला! एवढा अधिकारी माणूस फळीवर लोंबकळत रंग देतोय. खाली पाणी, वर ऊन. आणि तोंडानं शीळ."

"सीलबंद खोली, बोलत नसलेली माणसं," शिडी उतरताना भावजी उसासले. "हात हलवत परत जायचं."

"लाँच पलीकडच्या बाजूनं घ्या," वहिनी चालकाला म्हणाल्या.

पलीकडची बाजू नव्या नवरीसारखी चकचकीत काळी होती. भावजींनी डोळे बारीक केले.

"नवशिक्याचं काम. मधला भाग बघा, थर किती जाड बसलाय! नांगराच्या साखळीनं खरचटलंय तिथं खाली शेंदरी दिसतंय."

"गंजावर आधी शेंदरी अस्तर देतातच ना?"

"देतात. पण त्याला लागून पांढरं आहे. काळ्याच्या पोटात पांढरा कोण घालतं? आणि दोन्हींमधली कड बघा, पट्टी धरून मारल्यासारखी. माझ्या वर्गात असता तर कान पिळला असता."

"थोर आहात भावजी," वहिनी म्हणाल्या. त्या चेष्टा करताहेत की कौतुक, हे भावजींना घरी पोचेपर्यंत कळलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी कप्तानाच्या केबिनमध्ये सगळे जमले. रेडिओ अधिकाऱ्याची पत्नीही होती. सारंग आणि भंडारी तिच्या नजरेला नजर देत नव्हते.

"रेडिओ वापरला गेला नाही," वहिनींनी सुरुवात केली. "सील शाबूत होतं आणि चौथ्या जहाजाच्या कानावर काहीच पडलं नाही. पण तीन जहाजं वळली. तेव्हा मी स्वतःला विचारलं, तीन आणि एक यांत फरक काय? तीन उन्हात आली, चौथं धुक्यात. धुक्यात कान चालतात, चालत नाहीत ते डोळे. म्हणजे निरोप ऐकायचा नव्हता. बघायचा होता."

कप्तान खिडकीबाहेर पाहू लागला.

"निशाणं काढून नेलेली, दिवे काढून नेलेले. उरलं काय? रंग. आणि बंदराच्या तोंडाकडे वळलेली जहाजाची एक अख्खी बाजू, जी धक्क्यावरच्या सैनिकाला दिसत नाही. धक्क्याकडची बाजू गंजलेली ठेवून हीच का रंगवली? भटारखान्याचा पांढरा कुठे गेला? काळ्याच्या खाली शेंदरी आणि पांढरं शेजारी शेजारी, कडा पट्टीनं मारलेल्या. हे अस्तर नव्हे. हे निशाण आहे."

भावजी ताडकन उठून तक्त्यापाशी गेले. "लाल-पांढऱ्या चार चौकटी! तुम्ही संकटाच्या..." त्यांनी त्या निशाणावर बोट ठेवलं.

"सैनिक जरी डोकावला असता, तरी त्याला ठिगळं दिसली असती," वहिनी म्हणाल्या. "दुर्बीण लावलेल्या कप्तानाला मात्र घराएवढा इशारा. काम झाल्यावर वर काळा फासला. युक्ती कुणाची? ज्याचं कामच निरोप पोचवायचं, आणि ज्यानं हात बांधले गेल्यावर ब्रश मागितला, त्याची."

बाईंनी तोंडावर हात धरला. "म्हणजे... यांनीच?"

"आरोप खोटा आहे. माणूस खरा आहे."

"मग तुम्ही सगळे गप्प का?" बाई कप्तानाकडे वळल्या. "रेडिओ नाही, रंग होता, एवढं सांगितलं असतं तर..."

"तर दोन माणसं मेली असती, तुमचे यजमान आणि आणखी एक," उत्तर वहिनींनी दिलं. "जहाजं अडकवायचा बेत बंदिस्त खलाशांना कळला कसा? कुणीतरी सांगितल्याशिवाय नाही. आणि ही बाजू रोज पाहणारा माणूस एकच होता, तो वाटाड्या. या चौकटींचा अर्थ त्याला कळणार नाही? तो रोज बोटीतून आला, त्यानं रोज ते वाचलं आणि रोज मुकाट्यानं पुढे गेला. म्हणून सारंग बोलू लागले तसे कप्तान खोकले."

कप्तान सावकाश सांगू लागला.

"एकदा तो वाटाड्या नकाशा घेऊन माझ्या केबिनमध्ये आला. सैनिक दारात उभा होता. म्हाताऱ्यानं नकाशावर जहाजांच्या येण्याच्या वाटेवरून बोट फिरवलं. ते तोफखान्यासमोर नेलं आणि तिथंच दाबून धरलं. मग स्वतःची मनगटं एकावर एक ठेवली, बेड्या घातल्यासारखी. तोंडातून शब्द नाही. पुढे तुमच्या यजमानांना धरून नेलं, तेव्हा ते बुटाचा बंद बांधायला म्हणून माझ्यापाशी वाकले. म्हणाले, आपली माणसं घरी न्या आणि त्या म्हाताऱ्याला कुठेही येऊ देऊ नका. घरच्यांनाही सांगू नका. बाई, तुमच्या दारावरून तीनदा परत गेलो. तोंड दाखवायची हिंमत झाली नाही."

सारंगाचे डोळे भरले होते. भंडारी तर उघडच रडत होता.

बाई खूप वेळ मांडीवरच्या हातांकडे बघत राहिल्या. म्हाताऱ्याचं नाव त्या देशाला कळवलं की बदल्यात नवरा कदाचित सुटेल, आणि तो अनोळखी म्हातारा गोळी खायला भिंतीला उभा राहील.

"त्या वाटाड्याचं नाव मला सांगू नका," शेवटी बाई म्हणाल्या. "चुकून झोपेतसुद्धा तोंडून जायला नको."

वहिनींनी उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. टिपकागदातून ओल बाहेर येताना भावजींनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

"आता ऐका," त्या म्हणाल्या. "आरोप रेडिओचा आहे. आपण रेडिओचंच उत्तर देऊ. सील त्यांच्याच अधिकाऱ्यानं शाबूत पाहिलं. चौथ्या जहाजाचा रेडिओवाला शपथेवर सांगेल. आणि तो देश प्रत्येक लहरीला कान लावून बसलेला असतो. त्यांनाच विचारायचं, तुम्ही निरोप ऐकलात? मग दाखवा. ऐकला नाही? मग पाठवला कुणी?"

"पण ती तीन जहाजं का वळली, हे विचारतीलच!" भावजी म्हणाले.

"त्यांचे कप्तान सांगतील, बंदराचं लक्षण ठीक दिसेना म्हणून वळलो. दिसेना, हे खरंच आहे."

"हे अर्धं सत्य झालं, वहिनी."

"कस्टममध्ये मला एक पेटी उघडायला सांगायचे, तेव्हा मी त्या पेटीत काय आहे तेवढंच लिहायची, भावजी. शेजारची पेटी कुणी विचारली तर गोष्ट वेगळी."

*

खटला उभाच राहिला नाही. पुरावा राजदूतांमार्फत पोचला. तिकडे युद्धाचे ढगही पांगत होते आणि त्या सरकारला एका रेडिओवाल्यासाठी जगासमोर हसं करून घ्यायचं नव्हतं. काही आठवड्यांनी एका परक्या जहाजातून तो माणूस परतला. अंगावरचे कपडे दोघांना पुरतील इतका वाळलेला. बायकोनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. मागे सगळे खलाशी उभे होते. कप्तानानं टोपी काढली, तशी सगळ्यांनीच काढली.

भावजींना राहवलं नाही. जरा सगळं शांत झाल्यावर त्यांनी त्याला बाजूला गाठून कुजबुजत विचारलं, "आणि तो म्हातारा?"

रेडिओ अधिकारी हसला. "मला घेऊन निघालेलं ते परकं जहाज त्यानंच बंदराबाहेर काढलं. मी डेकवर, तो सुकाणूपाशी. सैनिक सोबत होते, त्यामुळे एकमेकांकडे बघायचीही सोय नव्हती. बंदराच्या तोंडाशी सैनिक आधी बोटीत उतरले. तो मागे राहिला, शिडीवर पाय ठेवला आणि मोडक्यातोडक्या भाषेत मला विचारलं, घरी कोण वाट बघतंय? म्हटलं, बायको."

"मग?"

"म्हणाला, माझीही. आणि उतरून गेला."