दुसऱ्या नळीचा श्वास

मेल्कीला पाहुण्यांचा तिटकारा होता आणि त्याचं पोट पाहुण्यांवरच चालायचं. अंबोनहून बोट भरायची, बांदा समुद्रातल्या ओसाड बेटांवर त्यांना डोंगर चढवायचे, प्रवाळात बुड्या मारायला न्यायचं. सूर्य मावळला की ही माणसं "अहाहा" करायची. "यांच्या गावात मावळत नाही वाटतं," असं मेल्की तोंड फिरवून म्हणायचा. आसपासच्या वस्तीच्या बेटांवरच्या लोकांबद्दल तर तो बोलायचाही नाही, नुसता थुंकायचा.

त्या सकाळी नुसा लेआरी बेटाशी नांगर पडला. बाकीचे पाहुणे बोट लागून आडवे झाले होते. डोंगर चढून मग बुडी मारायला तयार होत्या त्या एकट्या सुलास्त्रीबाई, सुराबायाच्या निवृत्त शिक्षिका. अंगाने भरलेल्या, चालीने संथ. मेल्कीने मनात त्यांचं नाव म्हैस ठेवलं होतं.

निघताना सुकाणूवरचा म्हातारा लासारू म्हणाला, "डोंगरावर हवेचा पंप आहे बघ. पाण्यात उतरायच्या आधी त्याचं चाक एकदा फिरवून ये."

"का? गंज काढायला?"

"खाली माणूस आहे. त्याला हवा लागते."

मेल्की चढताना ती गोष्ट बाईंना विनोद म्हणून सांगत गेला. पूर्वी इथे मोत्याच्या शिंपल्यांसाठी माणसं गालात विडा धरून तळाशी उतरायची. वर होडीत एकाने पंपाचं चाक फिरवायचं, नळीतून खालच्याला हवा मिळायची. एकदा चाकावरच्याचा डोळा लागला. जाग आल्यावर नळी ओढली, तर टोकाला कोणी नव्हतं.

"मग गावाने पंप डोंगरावर आणून बसवला. मढ्याला हवा देतात. जिवंत होता तेव्हा झोपले, आणि आता जागतायत." मेल्की हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांना धाप लागली होती.

माथ्यावर लोखंडी चाक उभं होतं. गाव केव्हाच उठून गेलं होतं, पण चाकाला खोबरेलाचा ताजा वास होता. मेल्कीने त्यावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधली.

"तू नाही फिरवणार?"

"बाई, मी हात धुतलेत."

बाईंनी दोन्ही हातांनी जोर लावून चाक फिरवलं. कुठेही न जोडलेल्या त्या तुटक्या पाइपातून सुस्कारा आला... हलका, सुटका झाल्यासारखा.

खाली येऊन दोघं पाठीला हवेचे सिलिंडर बांधून पाण्यात उतरली. पाणी इतकं नितळ होतं, की ऊन थेट तळापर्यंत गेलं होतं. बाई हात मारत पुढे गेल्या. मेल्की कंटाळून मागे राहिला. पाण्याखाली माणसाला आपलाच श्वास तेवढा ऐकू येतो. तो ऐकता ऐकता त्याच्या लक्षात आलं, की आपण श्वास रोखलाय आणि तरी आवाज येतोय.

प्रत्येकाच्या सिलिंडरला एक जादा नळी असते, सोबत्यावर वेळ आली तर द्यायला. मेल्कीची काखेखाली खोचलेली होती. तिच्यातून बुडबुडे निघत होते. गळती, तो मनात म्हणाला. पण गळतीचे बुडबुडे सलग निघतात. हे निघायचे, थांबायचे... कोणी हवा आत ओढावी इतका वेळ थांबायचे... मग पुन्हा निघायचे.

त्याने नळीच्या तोंडावर तळहात दाबला. वासरू बोट चोखतं तसं काहीतरी तळहात चोखू लागलं.

त्याने हात झटकला. नळी काखेतून सुटली आणि ताठ झाली, तळाच्या दिशेने. हवेचा काटा लाल खुणेकडे सरकत होता. पुढचा श्वास घ्यायला जोर लागला. त्याच्या पुढचा आलाच नाही.

म्हशीच्या मागे तो जीव खाऊन पोहला. गळ्यावरून हात फिरवून त्याने हवा नसल्याची खूण केली. बाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, शांतपणे आपली जादा नळी त्याच्या तोंडात दिली आणि पट्ट्याला धरून त्याला सावकाश वर नेलं. वर जाताना त्याने खाली पाहिलं. काटा शून्यावर होता. त्याच्या नळीतून बुडबुडे निघतच होते.

"भंगार माल," बोटीवर तो सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला. "झडप गेलीय."

लासारूने विचारलं, "चाक फिरवलं होतंस?"

"म्हातारबा, तू भात शिजवायचं बघ."

बाई अंग पुसत होत्या. त्या सावकाश म्हणाल्या, "वर येताना माझ्या हाताला ओढ होती, मेल्की. तू एवढा जड नाहीस."

सिलिंडर सोडवून मेल्कीने नळ्या दोरीवर उन्हात टाकल्या. जेवण झाल्यावर त्या गोळा करायला तो आला. सगळ्या खडखडीत वाळल्या होत्या, एक सोडून. त्या जादा नळीचं रबरी तोंड ओलं होतं आणि लाल. त्याला रक्त वाटलं. नाकाशी नेलं तर सुपारी आणि चुन्याचा वास आला. बोटीवर विडा खाणारं कोणीच नव्हतं.

गोड्या पाण्याने घासून त्याने ते लख्ख केलं, दोरीवर लावलं आणि समोर उभा राहिला. भर दुपार होती. नळी कशालाही जोडलेली नव्हती. 'ओसाड बेटाची ओसाड भुतं' असं काहीतरी बोलून हसावं म्हणून त्याने तोंड उघडलं.

रबर हळूच आत दबलं. आधी वरच्या दातांनी... मग खालच्यांनी.