मुल्हेरी मुठीवरचा वाद

"चूक," मागून कुणीतरी म्हणालं.

मी वळून पाहिलं. धुळ्याच्या एका मंगल कार्यालयात जुन्या शस्त्रांचं प्रदर्शन लागलं होतं. बाहेर भर डिसेंबरात अवकाळी पाऊस कोसळत होता आणि निम्मी गर्दी डोकं कोरडं ठेवायला आत शिरली होती. मी मात्र मुद्दाम आले होते, जळगावहून, मैत्रीण मुस्कानला ओढत. मुल्हेरी मुठीच्या, म्हणजे मुल्हेर किल्ल्याकडच्या घडणीच्या, एका तलवारीसमोर उभी राहून तिला एवढंच म्हणाले होते, "काय देखणी तलवार आहे गं!"

"काय चूक?" मी विचारलं.

"मूठ देखणी आहे. तलवार नाही." उंच, सावळा, शर्टाच्या बाह्या भिजलेल्या. तो बोलत माझ्याशी होता आणि बघत होता काचेआडच्या पात्याकडे. "तुम्ही सोन्याची नक्षी बघताय. पात्याचा बाक बघा, पार बिघडलाय. ही फिरवली तर मनगट धरेल."

"मी बघायला आलेय. लढायला नाही."

"मग सराफाकडे जायचं. जळगावात काय कमी आहेत?"

"मी जळगावची, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सोनं आधी दिसलं ना तुम्हाला..." आणि तेव्हा कुठे त्यानं माझ्याकडे पाहिलं, हसला. मुस्काननं मला कोपर मारलं.

तेव्हाच तिथून निघायला हवं होतं, असं हल्ली मला रोज वाटतं. पण बाहेर पाऊस होता, आणि माझं म्हणणं असं तोंडावर खोडून काढणारं माणूस मला आजवर भेटलंच नव्हतं.

त्याचं कारण आमचं घर. आम्ही मारवाडी जैन. जळगावात पप्पांचं, म्हणजे पारसमलजींचं, नवरदेवाच्या सामानाचं दुकान आहे. साफे, कलग्या, मोजड्या आणि भाड्याच्या तलवारी. आमच्यात नवरदेव मुलीच्या दारी आला की तलवार उंचावून तोरणाला लावतो, त्या ह्या तलवारी. धार एकीलाही नाही. ज्या घराला तलवारी पोसतात त्या घरात भाजी 'कापायची' म्हणत नाहीत, 'सुधारायची' म्हणतात. माझ्या आत्या चंदनबाई, आम्ही त्यांना भुवासा म्हणतो, 'काप' हा शब्द ऐकला तरी कानाला हात लावतात. म्यानांवर मखमल चढवता चढवता मला तलवारींचं वेड लागलं. घरात कुणी रागावलं नाही. मी काहीही सांगितलं की सगळे "छान, छान" म्हणायचे आणि पुढचा फुलका वाढायचे.

जगदीश असं त्याचं नाव. गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपड्याच्या वर. नोकरी धुळ्याला, तंत्रनिकेतनात मेकॅनिकल शिकवायचा. जळगावात भूपेंद्रनानांच्या गच्चीवर शस्त्रवेड्यांची बैठक भरते, तिथे तो दर रविवारी यायला लागला. नाना निवृत्त चित्रकला शिक्षक, घर जुन्या ढालींनी भरलेलं. मी तिथली जुनी सभासद. तो आला आणि गच्चीवरच्या बाकी लोकांना बोलायला जागाच उरली नाही.

"शिरस्त्राणावर तुरा कशाला?" तो म्हणायचा. "नुसतं ओझं. वरून धरून ओढायला शत्रूला सोय."

"मरायला निघालेल्या माणसालाही एकदा आरशात बघावंसं वाटतं."

तो आधी हसला. मग म्हणाला, "याला चूक म्हणता येत नाही... तरी म्हणतो. चूक."

"का पण?"

"तुम्ही चिडलात की बोटं अशी मुठीसारखी वळतात. बघायला बरं वाटतं."

नाना खालून चहा घेऊन येत होते. "भो, बठ्ठ्या तलवारी म्यानमा घाला आते," ते अहिराणीत म्हणाले, "चहा थंड व्हई ऱ्हायना." सगळ्या तलवारी म्यानात घालायच्या, चहा निवत चालला होता.

तुम्हीचं तू कधी झालं ते आठवत नाही. चिलखताच्या कड्या गोल सुंदर की चपट्या, बोटांवरून वळणारी परज हात राखायला की मिरवायला, कट्यारीवर वाघ कोरावा की वेल... फोनवर, मेसेजवर, एसटी स्टँडवर, उभ्या उभ्या. मी म्हणायचे रूप, तो म्हणायचा काम. एकदा रागानं विचारलं, "मग मी तरी कशाला टिकली लावते?"

"टिकलीचं काम आहे की!"

"काय?"

"माझं लक्ष मुद्द्यावरून उडवणं."

मला लाजायला झालं, आणि लाज लपवायला मी त्याला ढालींवरून अर्धा तास झापलं. इतकी सुखी मी कधीच नव्हते. आमच्यात कुणीच कुणाला 'आवडतेस', 'आवडतोस' म्हटलं नाही. मी काहीतरी म्हणायचं, त्यानं ते खोडायचं... हेच आमचं प्रेम, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं.

दिवाळीनंतर पप्पांनी जेवताना विषय काढला. नाशिकचे लोक, कापडाचा मोठा व्यापार, मुलगा श्रेयांस. शांत, निर्व्यसनी. "रविवारी येताहेत. पण तुझं हो असेल तरच हं बेटा," पप्पा म्हणाले. ते खरंच तसं म्हणाले, आणि मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी ऐकलंही असतं. पण नुसत्या नाहीनं भागणार नव्हतं. नाहीच्या मागे कुणीतरी उभं राहायला हवं होतं.

मी जगदीशला पारोळ्याला बोलावलं. जळगाव आणि धुळ्याच्या मधोमध पडतं, आणि तिथला भुईकोट आमच्या वादांच्या जुन्या जागांपैकी एक. तो आला तो तटाकडे बघतच. "या जंग्या बघ, बंदुकीसाठी ठेवलेली भोकं. आतून रुंद, बाहेरून चिमुकल्या. याहून सुंदर खिडकी तुझ्या सराफांनी केली असती?"

"जगदीश, मला स्थळ आलंय."

तो जंगीत हात घालून उभा होता. तो हात तिथेच राहिला.

"मुलगा चांगला आहे म्हणे," मी म्हणाले. "पप्पा खूश आहेत. भुवासा तर आतापासून गाणी म्हणताहेत. मी विचार केला... मला वाटतं, हो म्हणावं."

मी हे मुद्दाम, शब्द जुळवून, एसटीत पाठ करून आले होते. 'मला तू हवास' असं सरळ म्हणायची लाज वाटली. माझं एकही विधान या माणसानं आजवर सुखानं जाऊ दिलं नव्हतं, हे कसं जाऊ देईल? तो चूक म्हणेल, मी का म्हणेन, आणि मग जे व्हायचं ते आपोआप होईल. वादात मुरलेल्या बाईलाच असला शहाणपणा सुचतो.

त्यानं हात बाहेर काढला. धूळ झटकली. पुन्हा झटकली.

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला.

मला वाटलं थट्टा आहे. मी वाट बघितली. तो जमिनीकडे बघत होता.

"असं कसं बरोबर?" माझा आवाज चिरकला. "मी त्याला पाहिलंही नाही. मला कापडातलं काही कळत नाही. मला नाशिक आवडत नाही. हे मुद्दे तू मांडायचेस ना! वाद घाल ना जगदीश..."

"घातला तर जिंकेन मी."

"मग जिंक!"

तो पायरीवर बसला. मग म्हणाला, "तेरसिंगदादा माझा चुलतभाऊ. त्याची बायको हेमलता, तुमच्यासारख्याच दुकानदार घरातली. जातीबाहेर, आमच्या घरात पळून आली, सुखात आहे, दादा जीव टाकतो तिच्यावर. मागच्या वर्षी तिची आई गेली. मी गाडीवर घेऊन गेलो तिला. ओट्यावरच अडवलं त्यांनी. आत बायका रडत होत्या, ते ऐकू येत होतं. वहिनीनं बाहेरूनच उंबऱ्याला हात लावला आणि आम्ही परत आलो. येताना मागे बसून एक शब्द बोलली नाही ती. तो रस्ता... मला तुझ्यासोबत तो रस्ता नको."

"माझे पप्पा तसे नाहीत."

"तिचेही नव्हते."

"चूक!" मी ओरडले. पहिल्यांदा मी ओरडले. "चूक, चूक, साफ चूक! तू माझ्या वतीनं कसा ठरवतोस?"

"तुझे पप्पा तुला लहानपणी साफ्याच्या कापडात गुंडाळून गल्ल्यामागे निजवायचे. तूच सांगितलंस ना? मी तुला त्या घरातून तोडून नेलं, तर तू मला कधी बोलून दाखवणार नाहीस. आणि मला ते रोज दिसेल." त्यानं वर पाहिलं. डोळे भरले होते. "माझं प्रेम आहे तुझ्यावर, रिद्धी. त्यात वादाला जागाच नाही."

मी त्याचा हात धरला. त्यानं धरू दिला, सोडवला नाही, दाबलाही नाही. मी खूप बोलले, रडले, त्याला भित्रा म्हटलं, दुष्ट म्हटलं. तो प्रत्येक वेळी "हो" म्हणाला. स्टँडवर धुळ्याची गाडी आली तेव्हा तो तिच्यात चढला. मी उलट्या दिशेच्या फलाटावर बसून राहिले. माणूस जिवंत असताना आत सगळं संपतं म्हणजे काय, ते मला तिथे कळलं.

रविवारी नाशिकचे लोक आले. श्रेयांस खरोखरच सज्जन होता. बुटांचे बंद सोडतानासुद्धा कुणाच्या वाटेत येणार नाही असा. पप्पा कौतुकानं म्हणाले, "आमच्या रिद्धीला जुन्या शस्त्रांची फार माहिती आहे हो."

"सांगा ना काहीतरी," तो अदबीनं म्हणाला.

मला अजूनही आशा होती. जगात कुणीतरी मला अडवेल, एवढीच.

"चिलखत रेशमाचं विणायचे," मी म्हणाले. "पावसात भिजू नये म्हणून."

"अच्छा? वा!"

"ढालीत जेवायला वाढायचे."

"हो, हो. वाचलंय मी कुठेतरी."

मी त्याच्या डोळ्यांत बघून सावकाश म्हणाले, "आणि तलवारीला धार फक्त मुठीकडे असते. टोकाकडे नसते."

"इंटरेस्टिंग," श्रेयांस म्हणाला. "खरंच, किती माहिती आहे तुम्हाला."

मी पप्पांकडे पाहिलं. ज्यांनी आयुष्यभर तलवारी पुसल्या, त्यांना कळलं होतं. त्यांच्या कपाळावर आठी आली, ओठ उघडले. पप्पा, म्हणा ना... एकदा म्हणा.

पप्पांनी पाहुण्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओठ मिटले आणि हसले. "काजूकतली घ्या ना," ते म्हणाले.

भुवासांनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. "जोडी तर बघा," त्या पाहुण्यांना म्हणाल्या, "एकमेकांचा शब्द खाली पडू देत नाहीत."

सगळे हसले. श्रेयांसची आई नारळ घेऊन उठली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी थोडा वेळ तशीच बसून राहिले. खोलीत कुणीच 'चूक' म्हणालं नाही. मग मी पदर पुढे केला.