वाटीवरची शीग

भिमाजींना मी पहिल्यांदा पाहिलं... खरं तर आधी ऐकलं, तेव्हा ते भातासाठी घासाघीस करत होते.

कामशेतच्या दवाखान्यात दर गुरुवारी कोमल नावाची आहारतज्ज्ञ मुलगी बसते. श्रावण चालू होता. बाकाखाली छत्र्या निथळत होत्या आणि मी मांडीवर वही घेऊन माझ्या नंबराची वाट बघत होते. कार्ल्याच्या शाळेत तेहतीस वर्षं बाई होते मी. शुगर निघाल्यावर रोजचं खाणंही वहीत लिहायला लागले. पडद्याआडून कोमलचा आवाज येत होता. एका जेवणात पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, म्हणजे एक वाटी भात आणि एक फुलका. बाकी पोट उसळीनं, भाजीनं भरायचं.

"दोन वाट्या करा," एक भारदस्त आवाज म्हणाला.

"नाही, आजोबा."

"मग दीड. तुमचं न्हाई, माझं न्हाई."

कोमल हसली. अर्धी वाटी भात म्हणजे साधारण एक फुलका, तेव्हा अदलाबदल चालेल, पण वाढ नाही, असं तिनं बजावलं. मला हसू आवरेना. पडदा सरला आणि पांढऱ्या मिशांचे, उंच गृहस्थ माझ्यासमोर उभे राहिले.

"हसताय का, बाई?"

"भाजीबाजारात असल्यासारखे बोलत होतात, भाऊ."

"चाळीस वर्सं तांदूळ विकलाय. भाव केल्याबिगर घेतलेलं मला पचत न्हाई."

काम झालं होतं, तरी ते बाकावर टेकले. बाजारपेठेत त्यांचं तांदळाचं दुकान. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, स्वयंपाक स्वतःच करायचे. तीन महिन्यांची शुगर नऊ पॉइंट चार आली होती. पुण्याच्या लेकीनं, मानसीनं, सांगून टाकलं होतं : दिवाळीनंतरच्या तपासणीत शुगर आठाच्या खाली आली नाही, तर दुकान बंद करून पुण्याला यायचं.

"लेक गुणाची हाय," ते म्हणाले. "पण अकराव्या मजल्यावर नव्या तांदळाचा वास कुटं येतो..."

पुढच्या गुरुवारी माझा नंबर अकराचा होता. मी दहालाच पोचले. ते साडेनऊपासून बसलेले. 'भाऊ' म्हणणं कधी सुटलं ते कळलंच नाही. मी 'अहो'वर आले आणि तिथंच थांबले.

महिना गेला, पण त्यांच्या बोटावरची शुगर काही उतरेना. एकदा तांदूळ घ्यायला म्हणून मी त्यांच्या दुकानात गेले. म्हणून, असंच म्हणायचं. घरी डबा अर्धा भरलेला होता. त्यांनी गिऱ्हाइकाला माप भरून दिलं, वरून काठी फिरवली. मग मला मापाची रीत सांगितली. गिऱ्हाइकाला सपाट. घरच्या माणसाला मात्र काठी फिरवायची नाही, वर राहील तेवढी शीग राहू द्यायची.

नंतर त्यांचा चेहरा उतरला. गल्ल्याजवळची पितळी वाटी घेऊन त्यांनी इंद्रायणीच्या पोत्यात बुडवली, वरून अंगठा फिरवला.

"ही बघा. दुपारी एक, राती एक. दाणा वर न्हाई. तरी शुगर हलंना."

मी वाटीकडे बघितलं. पांढरेशुभ्र, कच्चे दाणे.

"हे शिजवून... सगळं खाता?"

"मग? एकच वाटी की."

मला हसू आलं आणि अर्ध्यातच थांबलं. एका वाटीचा भात तीन वाट्या होतो, आणि हा माणूस महिनाभर फुलका सोडून, काकडी चावत, इमानदारीनं तीन-तीन वाट्या जेवत होता. वाटी शिजलेल्या भाताची धरायची असते, असं सांगितलं तेव्हा त्यांनी वाटीतले दाणे पोत्यात परत ओतले.

"ताटातला भात मोजू न्हाई म्हनायची आई," ते हळूच म्हणाले. "बरकत जाती. आमी मोजला तो कच्चाच."

मला माझी आई आठवली. वडिलांना वाढताना किती मुदी झाल्या ते लक्षात राहू नये, म्हणून ती मुद्दाम बोलत राहायची. मीही माझ्या मालकांना कधी मोजून वाढलं नाही. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. मोजणं म्हणजे हात आखडणं, असंच वाटायचं आम्हा बायकांना.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी एकला फोन येऊ लागला.

"एक वाटी. शिजलेला."

"उसळ?"

"मटकी."

"काकडी?"

"तिच्याशी माझं बोलणं बंद हाय."

माझी सून सारिका पाऊण वाजताच माझा मोबाइल चार्जिंगवरून काढून हातात द्यायची. वर ओठ दाबून हसायची. एखाद्या दिवशी फोन पाच मिनिटं उशिरा आला की मला अकरावा मजला दिसायचा.

दिवाळी झाली, खाचरं मोकळी झाली. एका दुपारी भिमाजी थेट कार्ल्याला आले. हातात नव्या तांदळाची पिशवी, खिशात रिपोर्ट. सात पॉइंट आठ.

"मानसी म्हनली, ऱ्हावा तितंच."

सारिकानं नवा तांदूळ शिजवला, ताटं मांडली आणि अंगणात तिला अचानक काहीतरी काम निघालं. भाताचा वास घरभर झाला होता. त्यांनी पिशवीतून ती पितळी वाटी काढून माझ्यासमोर ठेवली.

"फोनवर लय मोजलंत, बाई. आता... समोर बसून मोजाल? रोज?"

मी वाटी उचलली, गरम भातानं भरली, अजून एक डाव घातला. अंगठा फिरवला नाही. पांढरी शीग तशीच ठेवून वाटी त्यांच्यापुढे सरकवली.

त्यांनी वाटी डोळ्यांसमोर धरून निरखली.

"ही सपाट न्हाई."

"दिसतंय मला."

मिशीतल्या मिशीत हसत त्यांनी चमच्यानं वरची शीग अलगद काढली आणि माझ्या ताटात ठेवली.

त्या दिवशी कोमलच्या अदलाबदलीच्या हिशेबानं मी माझा फुलका सोडला.